अंगावर काहीतरी चालतंय...

वाचकहो, गेल्या खेपेस आपण झोपेच्या तक्रारींविषयी बोललो होतो. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका सुनेचे पत्र होते. अशा तऱ्हेची पत्रे अधूनमधून येतात. कोणाची ओळख पटू नये म्हणून एका घराचे तपशील दुसऱ्या घरात मिसळून ते इथे देत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण पूर्ण वाचा.

"सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे तासगावचे. यजमानांची नोकरी विमानतळाजवळ, म्हणून सहा वर्षांपासून बंगळूरजवळ देवनहळ्ळीला राहतो. सासरे वारल्यावर दीड वर्षापूर्वी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इकडे घेऊन आलो. वय एकसष्ट. गावी त्या दिवसभर माणसांत असायच्या. घरची द्राक्षबाग, भजनी मंडळ, दारातून जाणारा-येणारा प्रत्येक जण ओळखीचा. इथेही द्राक्षांचे मळे आहेत, पण कानडी येत नाही म्हणून बोलायला कोणी नाही. आम्ही दोघे कामावर, मुलगा शाळेत.

आमच्या मागच्या गल्लीत एका घरी रेशमाचे किडे पाळतात. शेजारीणबाई प्रेमाने आईंना ते बघायला घेऊन गेल्या. तुतीच्या पाल्यावर वळवळणाऱ्या अळ्या त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्या. किड्याला कानडीत 'हुळु' म्हणतात, एवढा एक शब्द शिकून आल्या. चार दिवसांनी म्हणाल्या, 'माझ्या मानेवर काहीतरी चालतंय.' त्याला आता सात महिने झाले.

किडे कातडीखाली शिरतात, रात्री बाहेर येतात, अंडी घालतात असे त्या सांगतात. दिवसातून तीन-तीनदा कढत पाण्याने आंघोळ करतात. नखांनी, चिमट्याने कातडी कोरून हातावर जखमा झाल्या आहेत. औषधाच्या रिकाम्या डबीत 'किडे' जमवून ठेवतात. मला त्यात कापसाचे तंतू आणि खपल्या दिसतात. गेल्या महिन्यात झुरळांवर मारायचे औषध स्वतःच्या पायांवर मारले, पायाची साल निघाली. नातवाला 'माझे किडे तुला लागतील' म्हणून जवळ घेत नाहीत. तो 'आजी, मी काय केलं?' म्हणून विचारतो. आता यजमानांनाही रात्री खाज सुटते आणि तेही गादी उलटीपालटी करून बघतात.

त्वचेचे तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी खरजेचे मलम दिले, आठ दिवस बरे वाटले, पुन्हा तेच. तिसरे म्हणाले, 'किडे नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.' आईंनी बाहेर येऊन चिठ्ठी फाडली. 'मी वेडी नाही' म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत. नणंदबाई म्हणतात बाहेरची बाधा आहे. एका नातेवाइकांनी सांगितले की, या आजाराचे थेंब मिळतात, त्यांना चव नसते, आमटीत घाला, कळणारही नाही. यजमान तयार झाले आहेत. मला मात्र हात लावायचा धीर होत नाही. काय करू?"

हात कुठे गेला?

वाचकहो, हे पत्र वाचता वाचता तुमचा हात मानेकडे किंवा डोक्याकडे गेला असेल, तर लाजू नका. पत्र वाचताना माझाही गेला. शेजारच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या असे नुसते ऐकले तरी आपले डोके खाजू लागते. कातडीवर क्षणोक्षणी बारीकसारीक संवेदना होतच असतात: कपड्याचा स्पर्श, घामाचा ओघळ, केसाची हालचाल. मेंदू त्यातल्या बहुतेक बाजूला टाकतो. कोणी 'किडा' म्हटले की तो त्याच संवेदनांकडे कान लावून बसतो. तुमची-आमची खाज पाच मिनिटांत विसरते. या आजारात ती विसरत नाही. मेंदू तिचा एक अर्थ लावतो, आणि तो अर्थ दगडावरच्या रेघेसारखा पक्का होऊन बसतो.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. आईंना होणारा त्रास खरा आहे. खाज, टोचणी, काहीतरी सरपटल्याची जाणीव त्यांना खरोखरच होते. त्या नाटक करत नाहीत, लक्ष वेधून घेत नाहीत. चुकतो आहे तो त्या जाणिवेचा लावलेला अर्थ. भास आणि भ्रम या दोन शब्दांत आपण नेहमी गल्लत करतो. नसलेली गोष्ट दिसणे, ऐकू येणे, जाणवणे हा भास. उलट पुरावा कितीही समोर ठेवला तरी न हलणारी चुकीची समजूत म्हणजे भ्रम. आईंच्या आजाराचे मूळ भ्रमात आहे. बाकी सर्व बाबतींत त्यांची बुद्धी शाबूत असेल. हिशेब बरोबर करतील, पुरणपोळी पूर्वीसारखीच करतील. त्यामुळेच 'मी वेडी नाही' हे त्यांचे म्हणणे त्यांच्या दृष्टीने अगदी खरे असते.

काडेपेटीची खूण

हा आजार नवा नाही आणि आपल्याकडेच होतो असेही नाही. १८९४ मध्ये फ्रान्समधील त्वचारोगतज्ज्ञ तिबिएर्ज यांनी अशा रुग्णांविषयी लिहिले. १९३८ मध्ये स्वीडनचे मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून याला 'एकबोम सिंड्रोम' असेही म्हणतात. उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रियांत तो अधिक दिसतो. एकटेपणा, नवी जागा, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा काळात तो डोके वर काढतो. कधी सुरुवातीला खराच किडा असतो: एखादा ढेकूण, एखादी पिसू. किडा जातो, भ्रम राहतो. आईंच्या बाबतीत रेशमाच्या अळ्या निमित्त झाल्या. त्या बिचाऱ्या तुतीची पाने सोडून माणसाच्या अंगात कधीच शिरत नाहीत.

डबीत 'पुरावा' जमवणे हीसुद्धा जुनीच खूण आहे. पूर्वी रुग्ण काडेपेटीत खपल्या, धागे, केस घालून डॉक्टरांकडे आणत. १९८३ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यालाच 'काडेपेटीची खूण' म्हटले गेले. आता काडेपेटीची जागा प्लॅस्टिकच्या पिशवीने आणि मोबाइलवरच्या फोटोंनी घेतली आहे.

अमेरिकेत २००२ नंतर अनेक लोक आपल्या कातडीतून रंगीत तंतू निघतात असे सांगू लागले. त्याला 'मॉर्गेलॉन्स' असे नावही मिळाले. तेथील सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने उत्तर कॅलिफोर्नियातील ११५ जणांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणताही जंतू किंवा परोपजीवी सापडला नाही. तंतू तपासले तेव्हा बहुतेक कापसाचे, म्हणजे अंगावरच्या कपड्यांचे निघाले. ताई, तुम्हाला डबीत जे दिसले तेच मोठ्या प्रयोगशाळेलाही दिसले.

यजमानांच्या खाजेचेही आश्चर्य वाटून घेऊ नका. एकाच घरात, एकमेकांच्या जवळ राहणाऱ्या माणसांत एकाचा भ्रम दुसऱ्याने उचलणे हे डॉक्टरांना जवळजवळ दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. आईवर माया असलेल्या मुलाला आई खोटे बोलते हे मानवत नाही, मग त्याचे अंगही तिच्या बाजूने साक्ष देऊ लागते. मूळ रुग्णाला बरे वाटू लागले की बहुधा दुसऱ्याची खाज आपोआप शमते.

आधी शरीर, मग मन

'किडे नाहीत म्हणजे मनाचेच' अशी उडी मात्र मारू नका. भ्रमाचे निदान करण्यापूर्वी बाकीचे सगळे नीट तपासावे लागते.

सर्वप्रथम खरेच काही आहे का ते बघावे. खरूज बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती होते आणि रात्री जास्त खाजते. कातडीचा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री करता येते. ढेकूण, उवा, खिडकीत घरटे केलेल्या पारव्यांच्या अंगावरचे बारीक कीटक यांचाही विचार करावा. आईंनी दिलेली डबी डॉक्टरांनी उघडून, भिंगाखाली धरून बघितली पाहिजे. हसून बाजूला ठेवणे चूक. 'माझे ऐकून घेतले' एवढ्या एका गोष्टीवर पुढचे सारे उपचार उभे असतात.

त्यानंतर रक्ताच्या तपासण्या. मधुमेह, थायरॉइडचे विकार, मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे आजार, रक्तातील लोहाची कमतरता यांत अंगभर खाज सुटते. आपल्या शाकाहारी घरांनी विशेष लक्षात ठेवावे ते ब-१२ जीवनसत्त्व. त्याच्या अभावी हातापायांना मुंग्या येतात, विचारांवरही परिणाम होतो आणि असा भ्रमही होऊ शकतो. तसे असेल तर ब-१२ ची इंजेक्शने हाच मुख्य उपचार. पार्किन्सनच्या आजारावरची काही औषधे, एकाएकी सोडलेली दारू, कोकेनसारखी व्यसने यांमुळेही अंगावर किडे चालल्याचा भास होतो. वयस्क माणसात स्मृतिभ्रंशाची सुरुवात आणि खोल नैराश्य ही दोन्हीही तपासावी लागतात. आई कोणकोणत्या गोळ्या घेतात, काढे-भस्मेसुद्धा, त्याची यादी करून डॉक्टरांना दाखवा.

हे सगळे तपासून काही सापडले नाही आणि समजूत मात्र महिना उलटूनही हलत नाही, तर तो मूळचाच भ्रमाचा आजार. त्याला औषध आहे, आणि ते बऱ्यापैकी गुणकारी आहे. हे वाक्य ताई, दोनदा वाचा.

औषध काय करते?

मलमांनी, जंतनाशक गोळ्यांनी हा आजार जात नाही. पहिल्या मलमाने आठ दिवस बरे वाटले ते मनाला मिळालेल्या दिलाशामुळे. इथे उपयोगी पडतात ती अँटिसायकॉटिक गटातली औषधे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पोचवण्यासाठी काही रसायने वापरतात. त्यांतले एक डोपामिन. कोणती संवेदना महत्त्वाची, कोणती सोडून द्यायची हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. त्याचा जोर वाढला की क्षुल्लक संवेदनेलाही मेंदू धोक्याची घंटा समजतो. ही औषधे डोपामिनचा प्रभाव कमी करतात. घंटेचा आवाज उतरतो, आणि हळूहळू माणसाचे लक्ष कातडीवरून उठून घरात, माणसांत परत येते.

या गटातल्या पिमोझाइड या औषधाचा शोध १९६३ मध्ये बेल्जियममधील जान्सेन यांच्या प्रयोगशाळेत लागला. सत्तरच्या दशकात ते या आजारावर वापरले जाऊ लागले आणि वर्षानुवर्षे जिथे काही चालत नव्हते तिथे रुग्णांना उतार पडू लागला. १९८२ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी ११ रुग्णांवर खरे औषध आणि बिनऔषधाची गोळी अशी तुलना करून त्याचा गुण पारखला. अर्थात ११ ही संख्या लहानच. हा आजार विरळा, त्यातून रुग्ण मनोविकारतज्ज्ञांकडे फिरकत नाहीत, त्यामुळे मोठ्या चाचण्या फारशा झालेल्याच नाहीत. डॉक्टरांचा भरवसा आहे तो अनेक देशांतल्या, अनेक वर्षांच्या अनुभवावर. पिमोझाइडमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा संभव असतो, ते देताना हृदयाचा आलेख काढावा लागतो. म्हणून आता बहुतेक डॉक्टर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, ॲरिपिप्राझोल अशा पुढच्या पिढीतल्या औषधांपासून सुरुवात करतात. मात्रा स्किझोफ्रेनियाला लागते त्यापेक्षा पुष्कळदा कमी पुरते. उतारवयात तर अगदी थोड्यापासून सुरू करून सावकाश वाढवतात.

गुण यायला वेळ लागतो. पहिल्या एक-दोन आठवड्यांत झोप सुधारते, तगमग कमी होते. समजूत सैल व्हायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. आणि ती जाते तीही गमतीदार रीतीने. 'किडे नव्हतेच' असे फार थोडे लोक म्हणतात. बहुतेक जण म्हणतात, 'आता कमी झालेत', मग 'गेले वाटतं', मग त्या विषयावर बोलणेच थांबवतात. त्यांच्याकडून चूक कबूल करून घेण्याच्या फंदात पडू नका. नातू मांडीवर आला म्हणजे औषध लागू पडले. बरे वाटताच गोळ्या बंद करणे ही सर्वांत मोठी चूक. औषध पुढेही काही महिने घ्यावे लागते, आणि थांबवायचे तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. एकदम थांबवले की किडे परत येतात.

आता दुसरी बाजू. या औषधांनी सुस्ती येते, हातपाय आखडतात किंवा थरथरतात, बसल्या जागी अस्वस्थ वाटते, उठताना चक्कर येते. काहींनी वजन आणि रक्तातली साखर वाढते. म्हणून आधी व मधूनमधून वजन, साखर, रक्तदाब बघतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो; मृत्यूच्या धोक्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये स्पष्ट इशारा दिला. आईंना विस्मरण होत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे सर्व तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहिले नाही. बहुतेक त्रास मात्रा कमी करून किंवा औषध बदलून आवरता येतात. पण ते आवरण्यासाठी औषध घेणाऱ्याला आपण औषध घेत आहोत हे ठाऊक असावे लागते.

आमटीतले थेंब

आणि इथेच तुमच्या खऱ्या प्रश्नाशी आपण आलो.

ताई, तुमचा हात धजला नाही ते बरे झाले. आपल्याकडे कित्येक घरांत असे थेंब चहात, आमटीत पडतात. घालणारे दुष्ट नसतात, थकलेले असतात. तुमच्या यजमानांना मी दोष देत नाही. सात महिने आईच्या हातावरच्या जखमा बघणाऱ्या मुलाला कोणताही मार्ग जवळचा वाटेल. पण जरा विचार करा.

आई वाटीभर आमटी घेणार की दोन घास, तुम्हाला ठाऊक नाही. मग औषध किती गेले हे कोण सांगणार? तीच आमटी नातवाच्या पानात वाढली गेली तर? हृदयाचा आलेख नाही, रक्ताची तपासणी नाही. औषधाने हातपाय आखडले, चक्कर आली, तर आई काय समजतील? किडे आता डोक्यात चढले, असेच ना? शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध विकणे कायद्याला मान्य नाही.

सगळ्यांत मोठी गोष्ट पुढे आहे. असे गुपित घरात फार दिवस टिकत नाही. एक दिवस बाटली सापडेल. ज्या बाईला आधीच वाटते आहे की आपले कोणी खरे मानत नाही, तिला कळेल की सून जेवणात काहीतरी कालवते. त्या दिवसापासून तुमच्या हातचे पाणीही त्या घेणार नाहीत. आज किड्यांचा भ्रम आहे, उद्या विषाचा संशय येईल, आणि तो संशय निम्मा खरा असेल.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. ज्या प्रौढ माणसाला उपचार समजून घेऊन निर्णय करता येतो, त्याचा निर्णय त्याचाच, अशी त्याची बैठक आहे. निर्णयशक्ती खरोखरच ढळली असेल, जिवाला धोका असेल, तर त्यासाठी रुग्णालयातून, डॉक्टरांच्या तपासणीने, नेमलेल्या प्रतिनिधीच्या साहाय्याने जायचा उघड मार्ग कायद्यातच दिलेला आहे. स्वयंपाकघरातून जाणारा चोरटा मार्ग त्यात नाही.

मग बोलायचे कसे?

'किडेबिडे काही नाहीत' असे म्हणू नका. हजारदा म्हणून झाले असेल, उपयोग झालेला नाही. 'हो हो, मला पण दिसतात' असेही म्हणू नका, त्याने भ्रमाला खतपाणी मिळते. मधली वाट अशी आहे: "आई, मला किडे दिसत नाहीत. पण तुम्हाला किती त्रास होतो ते मला दिसतं. रात्रभर झोप नाही, हाताची काय दशा झाली आहे. आपण त्या त्रासावर उपाय करू."

मुलाला आईशी बोलू द्या. तो म्हणू शकतो, "तू वेडी आहेस म्हणून नेत नाही गं. तुझी झोप आणि खाज यांच्यासाठी नेतो. माझ्यासाठी चल." किड्यांवरचे भांडण सोडून झोप, जखमा, नातू या विषयांवर बोलणे वळवा. त्यांवर तुमचे आणि आईंचे एकमत आहे.

औषधाबाबतही खरेच सांगावे. "हे किडे मारायचे औषध आहे" ही थाप नको. जाणकार डॉक्टर असे सांगतात: "असाच त्रास असलेल्या पुष्कळ लोकांना या गोळीने आराम पडला आहे. मेंदूपर्यंत पोचणारे खाजेचे निरोप ती शांत करते. गोळीच्या कागदावर दुसऱ्या आजारांचीही नावे असतील, वाचून घाबरू नका. दोन महिने घेऊन बघू, मग तुम्हीच सांगा." यात एकही शब्द खोटा नाही. पुष्कळ रुग्ण एवढ्यावर तयार होतात. सगळे होत नाहीत, हेही कबूल केले पाहिजे. नाही झाल्या तर पुन्हा पंधरा दिवसांनी विचारा. पहिला नकार शेवटचा नसतो.

तिसऱ्या डॉक्टरांचे निदान बरोबर असेल, पण दोन वाक्यांत चिठ्ठी हातात दिली तर कोणीही फाडील. ज्या त्वचारोगतज्ज्ञांवर आईंचा सर्वांत अधिक विश्वास आहे त्यांच्याकडे आधी तुम्ही दोघे जाऊन बोला. जखमांवर मलम तेच देतील, गोळी तेच सुरू करू शकतील किंवा मनोविकारतज्ज्ञांशी बोलून ठरवतील. आईंचे येणेजाणे एका ओळखीच्या दारी राहिले तर निम्मी लढाई जिंकली.

तोवर घरात एवढे करा. झुरळांची, ढेकणांची औषधे कुलपात ठेवा. ती कातडीतून शरीरात भिनतात, विषबाधा होऊ शकते. नखे कापलेली असावीत. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी आणि नंतर खोबरेल तेल, कारण वारंवार आंघोळीने कातडी कोरडी पडून खाज वाढते. रोज उठून गादी उलटणे थांबवा, यजमानांनी तर नक्कीच. नणंदबाईंशी वाद घालू नका, देवाला नारळ ठेवायचा तर ठेवू दे, पण अंगाऱ्यासाठी औषध थांबता कामा नये. आणि आई कधी 'यापेक्षा मेलेलं बरं' असे बोलल्या, तर ते बोलणे वाऱ्यावर सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

जायचे कुठे?

या बाबतीत तुमचे गाव भाग्याचे. बंगळूर शहरात होसूर रस्त्यावर निम्हान्स ही देशातली अग्रगण्य मनोविकार आणि मज्जाविकार संस्था आहे. जुने मानसिक रुग्णालय आणि १९५४ मध्ये निघालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून ती १९७४ मध्ये उभी राहिली. घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याची तिथे जुनी परंपरा आहे. देवनहळ्ळीहून शहराचे दुसरे टोक, सकाळी लवकर निघावे लागेल. तेवढे जमत नसेल तर तालुका रुग्णालयात चौकशी करा. कर्नाटकात 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली तालुक्याच्या ठिकाणी मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची सेवा देण्याची योजना आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी आपल्या जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात विचारावे. आणि घरबसल्या सल्ला हवा असेल तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून आहे. तिथे मराठीतही बोलता येते. आईंना नेण्यापूर्वी तुम्ही स्वतः एकदा बोलून बघा, मन हलके होईल.

दुभाष्याचे काम तुम्हालाच करावे लागेल. आई जे सांगतील ते जसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. 'त्यांना उगाच वाटतं' अशी आपली भर घालू नका. कानडी येत नसले तरी सुनेच्या चेहऱ्यावरचे भाव सासूला बरोबर वाचता येतात.

शेवटचे एक. औषध भ्रम उतरवील, पण ज्या रिकाम्या दुपारी तो वाढला त्या दुपारी औषधाने भरत नाहीत. देवनहळ्ळी-बंगळूर भागात मराठी घरे थोडीथोडकी नाहीत, शहाजीराजांच्या काळापासून मराठी माणूस तिथे आहे. चार बायकांचे भजन शोधा, आठवड्यातून एकदा तरी घेऊन जा. तासगावच्या मैत्रिणीशी रोज फोन होऊ द्या. नातवाला शाळेत कानडी शिकवतात ना? संध्याकाळी त्याला आजीचा मास्तर करा. 'हुळु'खेरीज चार शब्द त्यांना येऊ द्या. त्या शेजारीणबाईंना 'बन्नी', म्हणजे 'या', एवढे म्हणता आले तरी दुपारचा चहा एकटीने प्यावा लागणार नाही.

थेंबांची बाटली कोणी आणून दिली असेल तर ती औषधांच्या दुकानात परत करा. उद्या सकाळी आईंजवळ बसा, त्यांच्या हातावरच्या जखमांना तेल लावा, आणि त्या काय सांगतात ते एकदा मधे न बोलता पूर्ण ऐका. मग डॉक्टरांचा विषय काढा. पुढे काय झाले ते मला अवश्य कळवा.